पुढची पायरी

नवरा गेल्यावर महिन्याभराने तिने लेकीला त्याचं कपाट आवरायला बोलावलं. सुटे भाग जोडून छोटी विमानं बनवायचा त्याला नाद होता आणि प्रत्येकाचा सूचनांचा कागद त्याने जपला होता. "आई, विमानं केव्हाच तयार झाली, आता ही रद्दी कशाला?" आईने वरचाच कागद उचलला. नवऱ्याचे हात गोंदाने बरबटलेले असायचे, म्हणून एकेक पायरी तीच मोठ्याने वाचायची. सवयीने तिने वाचलं, "डावा पंख कापून सुटा करा. कडा घासा." पलीकडे, तो विमानं बनवायचा त्या बंद खोलीत कचकन कात्री वाजली. पाठोपाठ पॉलिशपेपरची खरखर. लेक पांढरीफटक पडली. "आत कोण आहे?" लेक जीव मुठीत धरून आत गेली, ती बाहेर येईचना. बऱ्याच वेळाने तिचा हळू आवाज आला, "थांबू नकोस, आई. पुढचं वाच. बाबा खोळंबलेत."