प्लामेदीच्या हातचा घास

“आधी तुम्ही खा, ताई,” जोझेत म्हणाली. “नेहमी खाता तशा. तिच्या हातचं.”

अंगणात चटई अंथरली होती. मध्ये फुफूचा, म्हणजे कसाव्याच्या पिठाच्या उकडीचा गोळा आणि कसाव्याच्याच पाल्याची भाजी. एका बाजूला जोझेत आणि तिचा नवरा मोदेस्त, समोर बिबिश, आणि तिला खेटून जोझेतची भाची, आठ वर्षांची प्लामेदी. भिंतीवरून शेजारणींची तीन डोकी वर आली होती. किन्शासात अंगणाला भिंत घालतात ती बहुतेक टेकून बघायला.

बिबिश संस्थेची कार्यकर्ती. संस्था म्हणजे दोन खोल्या आणि चेटकी ठरवून घराबाहेर काढलेली तेवीस मुलं. चेटूक खाण्यातून लागतं असं लोक मानतात, म्हणून मूल घरी परत नेताना बिबिशची एकच रीत होती. मुलाने सगळ्यांसमोर घास द्यायचा आणि तो तिने खायचा. मग पोट थोपटून म्हणायचं, “बघा, मेले का मी?” लोक हसायचे. हसले की निम्मं काम झालं. चाळीस घरांत हे जमलं होतं.

पण जोझेत तिच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर बिबिशच्या सैल झग्यावर होती.

“चौथा महिना ना?”

बिबिशने झगा पोटावर सारखा केला. हे तिने संस्थेतही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आज कोणी येऊ दिलं नसतं, आणि ही चटई अंथरली जायला तिला पाच खेपा घालाव्या लागल्या होत्या.

“माझंही चौथ्यातच गेलं,” जोझेत म्हणाली. “हिने मूठभर शेंगदाणे आणून दिले. आत्या, खा म्हणाली. मी खाल्ले. तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. तुम्ही म्हणता असलं काही नसतं. मग खा ना.”

“जोझेत, पुरे आता,” मोदेस्त पुटपुटला.

“का पुरे? त्या थोड्याच घाबरतात?”

“आता का दातखीळ बसली बाईची?” भिंतीवरून कोणीतरी म्हणालं.

बिबिश घाबरली होती. अकरा वर्षं ती दारोदार सांगत आली होती की मुलांच्या हातात कसलंही चेटूक नसतं, आणि ते तिला मनापासून पटलेलं होतं. पण तिचे आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते. आज बसल्या जागी तिला आपल्या आईचा आवाज ऐकू येत होता, परक्या पोराच्या हातचं खाऊ नकोस गं. तिला स्वतःची लाज वाटली आणि भीती तरीही गेली नाही.

“दे, बाळा,” ती म्हणाली.

प्लामेदीने फुफूचा लहानसा गोळा तोडला, भाजीत बुडवला, वर उचलला. अर्ध्यावर हात थांबला. तिने बिबिशच्या पोटाकडे पाहिलं आणि मूठ मिटली. भाजीचा रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

“नको, ताई. तुम्ही नका खाऊ.”

“अगं दे ना.”

“बाळ मरेल.”

भिंतीवरची डोकी खाली गेली.

“ऐकलंत?” जोझेत चटईवरून उठली. “मी नाही हं म्हणाले. तीच म्हणाली.”

पोर बिचारी ताईला वाचवायला गेली आणि स्वतः अडकली. बिबिशने तिचं मनगट धरलं. एकेक बोट उलगडावं लागलं, इतकी मूठ घट्ट होती. प्लामेदी रडत हात ओढत होती. तळव्यावरचा चेंदामेंदा झालेला घास बिबिशने सगळा खाल्ला, तिच्या बोटांना लागलेलंसुद्धा पुसून खाल्लं. नेहमीचं ते वाक्य मात्र तिच्या तोंडातून फुटेना.

मोदेस्त उठला. “खाल्लं त्यांनी. झालं ना? घे पोरीला आत.”

जोझेत दारात जाऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तीही भ्यालेलीच होती.

“घेईन,” ती म्हणाली. “तुमचं बाळ सुखरूप होऊ दे, ताई. मला आणून दाखवा. त्या दिवशी मी स्वतः हिला न्हाऊ घालून आत घेईन. देवाशपथ.”

बिबिश प्लामेदीला घेऊन संस्थेत परत जायला निघाली, वाळूच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याकडे. बिबिशने हात मागे केला, तो कोणी धरला नाही.

“जवळ ये गं.”

“मी इथूनच येते.” थोडं चालून झाल्यावर मागून पुन्हा आवाज आला. “ताई, दुखतंय का?”

“नाही.”

“आता?”

“नाही गं राणी.”

एक मोटरसायकलवाला शेजारी येऊन थांबला. “बसा मावशी, दोघींना बसवतो. पाच मिनिटांत पोचवतो.”

बिबिशने पुढच्या रस्त्याकडे पाहिलं. खड्ड्याला खड्डा लागून होता. तिने नको म्हणून मान हलवली आणि भर उन्हात पायीच निघाली, सावकाश, एक हात पोटाखाली धरून. मागून प्लामेदी, दहा पावलं सोडून.