उंबऱ्याच्या आत

दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात, कुपवाडच्या त्या घरात शिरताना लीलाबाईंचा पाय उचललेलाच राहिला. उंबऱ्याच्या आत पत्रावळीवर दहीभात होता, टाचण्या टोचलेलं लिंबू होतं आणि काळी बाहुली. कुणाची तरी पीडा उतरवून टाकलेला उतारा.

"आई, ओलांडू नगंस!" शिवतेज मागं सरला.

घराचे हप्ते थकले होते. महिनाअखेर बँक ते लिलावात काढणार होती, म्हणून भाव निम्म्यावर आला होता. शिवतेज तिथल्याच कारखान्यात लेथवर होता. बायको-पोरांसह भाड्याच्या एका खोलीत राहायचा. नवऱ्याच्या फौजेतल्या नोकरीचा पैसा लीलाबाईंनी कोरेगावात जपून ठेवला होता. तो एकदाच खर्च होणार होता.

घरमालकीण अक्षता बाहेर आली. दोन लेकरं पदराला धरून होती.

"बघा की. घर झ्याक हाय. निस्तं रातचं मागच्या खोलीत कुणीतरी चालतंय. आमचं मालक तितंच झोपायचं. आता दवाखान्यात हायत."

"चल आई," शिवतेज कुजबुजला. "फुकट दिलं तरी नगं."

लीलाबाईंनीही पाय मागं घेतला. पण त्यांची नजर पत्रावळीवरून हलेना. उतारा टाकतात तो तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं. टाकून मागं वळूनसुद्धा बघत नाहीत. कुणी वाईटावर असलं, तरी फार तर दाराबाहेर ठेवील. हा दाराच्या आत होता.

"पोरी, ह्यो तूच मांडलायस न्हवं?"

अक्षतानं मान खाली घातली. "तिकटीवरनं उचलून आणला. कुणाचा कुणास ठाऊक. सकाळी दोघं आलं, बघूनच पळालं."

"अगं, घरात लेकरं हायत की! भ्या न्हाई वाटलं?"

"रस्त्यावर आली तर त्यांचं काय हुईल, त्याचं जास्त वाटलं, मावशी."

लीलाबाई वाकल्या. शिवतेज ओरडत असताना त्यांनी पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली आणि तिकटीवर नेऊन ठेवली. परत घराकडे त्या आल्याच नाहीत.

त्यांनी बोली लावली नाही. शिवतेजनं पुढं मिरजेकडं पत्र्याचं घर बांधलं. उताऱ्याला हात लावल्याबद्दल तो आईला अजून बोलतो. अक्षताचा नवरा दवाखान्यातून घरी आला, आणि चौघं तिच्या माहेरी पाटणला गेली. कुपवाडचं घर लांबच्या एका माणसानं घेतलं. त्यानं मोबाइलवरूनच बोली लावली. घर बघायला तो कधी आलाच नव्हता.