पाच नंबरचा शर्ट

आमची धाकटी एडना जन्मली त्या वर्षी माझा नवरा वॉल्टर कोळशाच्या खाणीत गाडला गेला. गावच्या फुटबॉल क्लबने त्याचा पाच नंबरचा शर्ट पुढे कुणालाच दिला नाही. संघाचे कपडे मीच धुवायची. पेटीतला तो शर्ट दर सामन्यानंतर घामाने चिंब असायचा.

क्लबच्या पन्नासाव्या वर्षी पहिल्यांदाच कपचा अंतिम सामना आला. माझा भाऊ क्लिफर्ड कप्तान होता. चिंब शर्टाचं ऐकून तो हसला.

"ताई, पेटीला ओल आलीय तुझ्या. शनिवारी मीच घालतो तो."

"नको रे, अंगाला लावू नकोस."

"मग कप काय तुझ्या एप्रनमध्ये आणू?"

तो भर पावसात नव्वद मिनिटं चिखलात लोळला, साऱ्या गावाने पाहिलं. मग त्याने शर्ट काढून माझ्या हातात दिला. शर्ट कोरडा होता, इस्त्रीची घडीही मोडली नव्हती.

क्लिफर्ड त्यानंतरच्या मंगळवारी, चौदा मार्चला वारला.