सुरूखालची जागा

"इथं गाडी लावता येनार न्हाय, सायेब," महिपतने तिसऱ्यांदा सांगितलं.

हितेश व्हॅनच्या दारात पाय खाली सोडून चहा पीत बसला होता. पनवेलहून आलेली पांढरी, लांबलचक कॅम्परव्हॅन. आत पलंग, शेगडी, संडास, सगळा संसार. साखळी काढून त्याने ती आदल्या संध्याकाळीच सुरूच्या झाडांखाली आणून लावली होती.

"बोर्डावर तर लिहिलंय, इथेही पार्किंग सुरू होणार म्हणून."

"सोमवारपासून. आज शुक्रवार हाय."

"तीन दिवसांत असं काय बदलणार आहे, काका?"

महिपत वाकून मागचं चाक बघत होता. चाकापासून हातभर अंतरावर जांभ्याचे चार चिरे वाळूत रोवलेले होते. चाक त्यांना लागलं नव्हतं. त्याला बरं वाटलं.

"काढ ना गाडी," हितेशची बायको रचना आतून म्हणाली. "मला नाहीच राहायचं इथे." मग ती खाली उतरली. "काका, पहाटे इथे कोणी येतं का?"

"का वो?"

"कोणीतरी गाडीच्या मागे उभं राहून बोलत होतं. वाऱ्यात आवाज बाईचा की पुरुषाचा, तेही कळेना. 'ऊठ बाला, भरती लागली.' दोनदा ऐकलं मी. हा म्हणतो, स्वप्न पडलं."

"वारा असंल," महिपत म्हणाला.

ते शब्द त्याच्या घरातले होते. बोटीवर जायच्या दिवशी त्याची बायको चंदाबाई पोराला, रितेशला, असंच उठवायची. रितेशला उठवून आता नऊ वर्षं झाली होती.

व्हॅन निघून गेली. महिपतने साखळी पुन्हा लावली आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. पोरगा आपल्याला बोलावतोय की जाब विचारतोय, हे त्याला कळेना.

कोरोनानंतर अशी पहिली गाडी आली तेव्हा चाकांवरचं घर बघायला अख्खा गाव लोटला होता. चंदाबाईने त्या लोकांना तांदळाची भाकरीही नेऊन दिली होती. आता शनिवारी वीस-पंचवीस गाड्या येतात, जाळी वाळवायची जागा अडवतात, सांडपाणी वाळूत सोडतात. कौतुक दोन्हीकडून संपलं. पंचायतीने रस्त्यावर आणि किनाऱ्यावर गाड्यांना बंदी केली, एक मैदान आखून दिलं आणि महिपतच्या गळ्यात शिटी अडकवली. मैदान वर्षभरात अपुरं पडलं. म्हणून आता सुरूखालची जागा. मध्ये अडचण एकच, ती चार चिऱ्यांची.

नोटीस महिपतनेच चिकटवली होती. सुरूखालच्या बेवारस कबरीवर कोणाचा हक्क असल्यास शुक्रवारी पाचपर्यंत नोंद करावी. नोंद झाल्यास तेवढी जागा सोडण्यात येईल, अन्यथा सपाट करण्यात येईल.

बेवारस. चिकटवताना त्याने त्या शब्दावरून दोनदा हात फिरवला होता.

नऊ वर्षांपूर्वी वादळात रितेशची बोट गेली, आणि अकरा दिवसांनी एक प्रेत किनाऱ्याला लागलं. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. पोलिसांनी महिपतला बोलावलं. सदरा पांढरा होता आणि दुसरं बटण लाल दोऱ्याने शिवलेलं होतं. चंदाबाई सुईत असेल त्या दोऱ्याने बटण लावायची.

"ह्यो माझा न्हाय," महिपत म्हणाला होता.

प्रेत सापडलं नाही तोवर आई म्हणू शकते, कुठल्यातरी जहाजाने उचललं असेल, कुठल्यातरी बंदरात असेल. ती वाट बघते, म्हणून जगते. एवढाच त्याचा हिशोब होता. मग गावातल्या मोहम्मदभाईंनी ते प्रेत मागून घेतलं, आंघोळ घातली, पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि नमाज पढून सुरूखाली पुरलं. कोणी विचारत आलंच तर दाखवायला असावा, म्हणून त्यांच्या बायकोने, खतिजाने, तो सदरा धुऊन ठेवून दिला. महिपत परक्यासारखा लांब उभा होता. ते लांब उभं राहणं त्याला अजून सुटलं नव्हतं.

दुपारी तो घरी आला तेव्हा चंदाबाई पाय धूत होती. पोटरीपर्यंत वाळू.

"कालवं काढाया गेल्ते," ती म्हणाली. "अर्धी खतिजाभाबीकडं दिली."

तिने तीन ताटं मांडली. तिसऱ्यात थोडा भात वाढून वर झाकण ठेवलं, रोजच्यासारखं. भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना ताजी अबोली होती. शेजारच्या रितेशच्या फोटोला हार नव्हता. तो कधीच घातला नव्हता.

"काय कळलं का?" तिने विचारलं. हेही रोजचंच.

"न्हाय अजून. कळंल."

"व्हय. कळंल." ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुमी जेवा नीट."

महिपत भात चिवडत राहिला. आज नाव लिहिलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल, ते तिसरं ताट उचललं जाईल आणि त्याच्यामागे चंदाबाईही जाईल. नाही लिहिलं तर सोमवारी पोराच्या छातीवर गाड्या उभ्या राहतील. एकदा त्याने रितेशला नाकारलं होतं. दुसऱ्यांदा नाकारणं त्याच्याने होणार नव्हतं.

पावणेपाचला तो पंचायतीत पोचला. ग्रामसेविका यशरा कपाट लावत होती.

"मॅडम, ती कबरीची वही द्या. माजं नाव लिवायचंय."

यशराने टेबलावरच्या वहीवर हात ठेवला. "नोंद झालीये, काका. दुपारनंतर. कबर आहे तिथेच राहील. तुम्ही घरी जा."

"कोनी केली?"

"ते सांगायचं नाही, असं सांगून गेलेत."

क्षणभर त्याला सुटल्यासारखं वाटलं. मग संताप आला. त्याच्या पोरावर दुसरं कोण हक्क सांगतं? तिच्या हाताखालून त्याने वही ओढून घेतली.

पानावर एकच नोंद होती, थरथरत्या, वाकड्या अक्षरात. चंदाबाई महिपत तांबे. नातं : आई.

पुढच्या शेऱ्याच्या रकान्यात यशराने तिच्या सांगण्यावरून लिहिलं होतं : "माझ्या मालकांना कळवू नये. ते अजून त्याची वाट बघतात, म्हणून जगतात."