ग्रीस लागलेली टोपी

सहा वर्षं अमेरिकेतल्या कॅरी गावात बसून मी प्रबंधासाठी एका माणसाचं चरित्र लिहितेय. दीडशे वर्षांपूर्वी तो इंग्लंडकडून रग्बी खेळला, मग वडिलांच्या कारखान्यात जहाजं बांधू लागला. त्यानंतरच्या चाळीस डायऱ्यांत खेळाचं नाव नाही. ‘तो खेळ विसरला,’ असं मी प्रबंधात ठोकून दिलं. आज नवरा ऑफिसातून दमून आला, तेव्हा त्याला म्युझियमनं पाठवलेला फोटो दाखवला: देशाकडून खेळल्याबद्दल त्या माणसाला मिळालेली मखमली टोपी. “बघ ना, नुसतं ग्रीस. काही किंमतच नव्हती त्याला.” त्यानं फोटो मोठा केला. “कपाटात ग्रीस कुठून लागेल गं? कामावर रोज घालत असणार.” एवढं बोलून त्यानं ऑफिसचा शर्ट काढला. आत नेहमीचीच कबड्डीची जर्सी, पाठीवर पुसटलेलं ‘महाराष्ट्र’. मी प्रबंधातलं ते वाक्य खोडलं. नऊ वर्षं मी त्याला सांगतेय, “फेकून दे ती चिंधी.”