शेजारची सीट

गाडी नुसती उभी असली तरी सकाळी बॅटरी उतरलेली असायची. शेवटी मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. मीटर लावून तो एकेक फ्यूज काढत गेला. एका फ्यूजला मीटरवरचा आकडा झटकन खाली आला.

"सापडला चोर, वहिनी. ड्रायव्हरशेजारच्या सीटचा सेन्सर. पण कोणी बसलं तरच तो करंट खातो."

सीट रिकामी होती. यांची पहिली बायको तिथे बसायची. मेली तरी सवत ती सवतच. मला हे अजून मागे बसवतात, सामानासारखं.

"फ्यूज परत लावा," मी म्हटलं आणि दार उघडून मुद्दाम धपकन तिच्या जागेवर बसले. "आता?"

त्याने मीटर पाहिला आणि तो मागे सरकला.

"दुप्पट झाला, वहिनी."