अर्ध्या वाटेत

हृदयाच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पळ बघू, त्या टोकाच्या खिडकीला हात लावून ये." लेक सुसाट निघाली आणि अर्ध्या वाटेत उकिडवी बसली.

आईच्या काळजात धस्स झालं. पाच वर्षं हेच तर चाललं होतं. चार पावलं टाकली की ओठ निळे पडायचे आणि पोर अशीच उकिडवी बसून धापा टाकायची.

आई धावत गेली. लेकीचे ओठ चांगले गुलाबी होते.

"आई, बुटाची लेस सुटली. कशी बांधतात गं?"

आईने डोळे पुसत गुडघे टेकले. पाच वर्षं कडेवर फिरलेल्या पोरीची लेस याआधी सुटणार तरी कशी!